मदत हवी आहे: न्यू जर्सीहून टेक्सासला जाताना आयईपीचं काय?

नमस्कार मंडळी,

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही डॅलसजवळ राहायला जातोय. मुलगा तिसरीत जाईल. बोलताना अडखळतो, म्हणून त्याचा आयईपी (विशेष शिक्षणाची गरज असलेल्या मुलासाठी शाळेने करायचा लेखी आराखडा) आहे. स्पीच थेरपी शाळेतच मिळते. इथे सगळं सुरळीत आहे, धाकधूक आहे ती टेक्सासची.

'केंद्राचं शिक्षण खातं बंद, आयईपी गेला' असले फॉरवर्ड फिरतायत. ते खरं नाही, एवढं वाचून कळलं. आयईपीचा हक्क १९७५ च्या कायद्याचा, खातं त्यानंतरचं, १९७९ चं. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांनी आदेश काढला असला तरी खातं कायमचं मोडायला संसदच लागते. पैसाही मुख्यतः राज्याचा आणि आपल्या प्रॉपर्टी टॅक्सचा. केंद्राचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास. (दर मुलामागच्या सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत देऊ, हे विशेष शिक्षणासाठीचं आश्वासन तर आजवर कधीच पुरं झालं नाही.)

माझी भीती वेगळीच आहे. विशेष शिक्षणातल्या मुलांचं प्रमाण ८.५ टक्क्यांच्या आत ठेवा, असं टेक्सासने २००४ पासून स्कूल डिस्ट्रिक्टांना (त्या-त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थांना) लक्ष्यच दिलं होतं. गरज असलेली कितीतरी मुलं बाहेर राहिली. २०१६ मध्ये 'ह्यूस्टन क्रॉनिकल'ने ते चव्हाट्यावर आणलं आणि जानेवारी २०१८ मध्ये केंद्राच्या याच खात्याने राज्यावर ठपका ठेवला. ते लक्ष्य आता नाही, मान्य. पण राज्यच चुकलं तर विचारणारं वर कोणीतरी होतं. मार्च २०२५ मध्ये या खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाच्या (शाळांतल्या भेदभावाच्या तक्रारी तिथे जातात) १२ पैकी ७ प्रादेशिक शाखांना टाळं लागलं, त्यात डॅलसचीही.

तिथल्या पालकांना विचारायचंय: वर्षाच्या मध्येच शाळा बदलली, तर जुन्या आयईपीसारख्या सेवा लगेच द्याव्या लागतात. आम्ही सुट्टीत येतोय. मग ऑगस्टमध्ये पहिल्या दिवसापासून थेरपी मिळते, की एआरडी मीटिंग (तिथे आयईपीच्या बैठकीला हेच म्हणतात) होईपर्यंत ताटकळत ठेवतात? न्यू जर्सीची मूल्यमापनं धरतात, की सगळं नव्याने करायला लावतात?

आणि वाजलंच, तर राज्याकडे लेखी तक्रार कुणी केली आहे का? नियमाने ६० दिवसांत निकाल यायला हवा. प्रत्यक्षात येतो का? की सरळ वकील गाठून ड्यू प्रोसेसलाच (शाळेविरुद्धच्या औपचारिक सुनावणीलाच) जावं?

राजकारणावरची हाणामारी कृपया दुसऱ्या धाग्यावर. डिस्ट्रिक्टचं नाव इथे लिहायचं नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.