मदत हवी आहे: जुनी पोलो जीटी टीएसआय घ्यावी का अबार्थ पुंटो?

दोन सेकंडहँड गाड्यांवर येऊन अडकलोय. २०१७ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, १.२ टर्बो, १०५ पीएस, डीएसजी (दोन क्लचवाला) ऑटोमॅटिक, आणि २०१६ ची फियाटची अबार्थ पुंटो, १.४ टी-जेट, १४५ पीएस, मॅन्युअल. किंमत जवळपास सारखीच. वापर रोज जालना ते शेंद्रा एमआयडीसी जाऊन-येऊन, बहुतेक हायवेच पण शिफ्ट सुटायच्या टायमाला ट्रॅफिक लागतं आणि आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहितीच आहे. घरात दुसरी गाडी नाही, त्यामुळं पार्टसाठी पंधरा दिवस उभी राहिली तर लई अवघड होतं.

दोन्ही चालवून बघितल्या, सर्व्हिस रेकॉर्ड पाहिलं, ओळखीच्या मेकॅनिककडून स्कॅन केलं, एरर कोड नाही. पोलो हायवेला मक्खन, पण हळूहळू सरकताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हलका झटका जाणवतो. अबार्थचा क्लच जड आहे पण टर्बो आला की जी ओढते ना, मन तिच्यावरच आहे खरं. मायलेजचं टेन्शन नाही, नवीन गाडी सुचवू नका.

ज्यांनी वापरल्यात त्यांनी सांगा, ड्राय क्लच (ऑइलमध्ये न बुडलेला क्लच) डीएसजीत एवढा झटका नॉर्मल असतो का ही मेकाट्रॉनिकच्या (गिअर बदलणाऱ्या कंट्रोल युनिटच्या) खर्चाची सुरुवात? आणि फियाट भारतातून गेल्यावर अबार्थचे टर्बो, सस्पेन्शनचे पार्ट आज संभाजीनगर-पुण्यात मिळतात का, किती दिवसात?