इन्फिनिबँडवरून क्लस्टरच्या नोड्सवर लिनक्स आपोआप कसे बसवावे?

प्रश्न (कोथरूड, पुणे):
आमच्या विभागातील क्लस्टरच्या ३२ नोड्सवर (एकत्र काम करणाऱ्या संगणकांवर) किकस्टार्ट (आधी लिहिलेल्या फाइलवरून आपोआप इन्स्टॉलेशन करण्याची पद्धत) वापरून रॉकी लिनक्स बसवायचे आहे. इन्फिनिबँडचे (संगणक जोडणाऱ्या अतिवेगवान तंत्राचे) जाळे तयार असल्याने इन्स्टॉलेशनही त्यावरूनच करावे, असा विचार आहे. परंतु डीएचसीपी सर्व्हर (आयपी पत्ते वाटणारा) नोड्सना मॅक पत्त्यावरून (नेटवर्क कार्डाच्या हार्डवेअर पत्त्यावरून) ओळखत नाही. काय करावे?

उत्तर १:
आयपी-ओव्हर-इन्फिनिबँडचा हार्डवेअर पत्ता २० बाइट्सचा असतो, तर डीएचसीपीच्या संदेशात त्यासाठी १६ बाइट्सचीच जागा असते. म्हणून आरएफसी ४३९० या मानकानुसार ती जागा रिकामी ठेवून क्लायंट आयडेंटिफायर (नोडची वेगळी ओळख) पाठवला जातो. सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये प्रत्येक नोडची नोंद त्यावरूनच करावी.

उत्तर २:
याच्यापुढेही एक मेख आहे. कर्नल सुरू होताच फर्मवेअरचा ड्रायव्हर बाजूला होतो, त्यामुळे इनिटआरडीमध्ये (कर्नलसोबत सुरुवातीला लोड होणाऱ्या फाइलसंचात) आयपी-ओव्हर-इन्फिनिबँडचे आयबी_आयपीओआयबी मॉड्यूल नसेल तर किकस्टार्टची फाइल मिळतच नाही. शिवाय सबनेट मॅनेजर (इन्फिनिबँडचे लिंक चालू करणारा प्रोग्रॅम) हेड नोडवर (क्लस्टरच्या मुख्य संगणकावर) किंवा स्विचवर चालू ठेवा. जो नोड पुसायचा आहे त्याच्यावरच तो असेल, तर नव्याने सुरू होणाऱ्या नोड्सचे लिंक अडून बसतील.

उत्तर ३:
बूटच्या फाइली पाठवणारे टीएफटीपी मुळात ५१२ बाइट्सचा एकेक तुकडा पाठवून पोच येईपर्यंत थांबते, तेव्हा वेगवान जाळ्याचा लाभ हवा असेल तर आयपीएक्सई हा नेटवर्कवरून बूट करणारा प्रोग्रॅम वापरून कर्नल आणि इनिटआरडी एचटीटीपीने द्यावेत. माझे स्पष्ट मत मात्र असे, की ३२ नोड्सना गिगाबिट इथरनेट पुरते; पावसाळ्यात वीज जाऊन सगळे नोड एकदम उठतात, तेव्हा साधी वाटच बरी पडते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. सबनेट मॅनेजर खरोखरच पहिल्या नोडवर होता. तो आधी हलवतो.