मदतवाटपाचा हिशेब पूरग्रस्ताने मागावा का?

प्रश्न (सत्तरी): जुलै २०२१ च्या पुरात म्हादईचे पाणी घरात शिरले, तेव्हा एका संस्थेने तांदूळ व चादरी वाटून आमच्या सह्या घेतल्या, कोणाला किती मिळाले, हा रकाना मात्र कोराच होता. हिशेब मागण्याचा अधिकार मदत घेणाऱ्यांना आहे का?

उत्तर (फोंडा): संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली असेल, तर कलम १९ नुसार निबंधकांकडे दाखल झालेली कागदपत्रे कोणीही शुल्क भरून पाहू शकतो. कलम ४ प्रमाणे कार्यकारिणीची यादीही दरवर्षी द्यावी लागते.

उत्तर (म्हापसा): मी एका मदतसंस्थेची खजिनदार आहे. देणगीदाराला पावती मिळते आणि पूरग्रस्ताला कसलाच कागद मिळत नाही, हे मला फार खुपते. मानवतावादी कार्याच्या २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मानकात तक्रारींचे स्वागत करून त्यांची दखल घेणे हे स्वतंत्र वचन आहे. आम्ही कुटुंबांची नावे टाळून, किती घरांना काय दिले याचा तक्ता पंचायतीच्या फलकावर लावतो, आणि त्याखाली तक्रारीसाठी फोन क्रमांक देतो.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. सह्या घेतलेल्या त्या पानाचा फोटो मी काढून ठेवला होता. सोमवारी निबंधकांकडे अर्ज करताना तोही जोडतो.