मदत हवी आहे: रुलेटची 'हरलो की दुप्पट' पद्धत का चालत नाही, मेहुण्याला कसं पटवू?

मेहुणा मांडवीतल्या कॅसिनोत जाऊन आला आणि आता एकच धोशा: रुलेटमध्ये (फिरत्या चाकावर गोळी कुठल्या घरात थांबते यावर पैज) लालवर १०० लावा, हरलात की दुप्पट, एकदा जिंकलं की सगळं वसूल. सांगून थकलो. शून्याचं एकच घर असलेल्या चाकावर ३७ घरं, लाल १८च, आणि लाल आलं तर लावले तेवढेच वर मिळतात. म्हणजे लावलेल्या दर १०० मागे सरासरी २.७० रुपये कॅसिनोचे, डाव कसाही रचा. सलग आठदा हरला तर २५,५०० गेले. नववा डाव २५,६०० चा, तोही १०० च्या फायद्यासाठी! टेबलाची कमाल मर्यादा आडवी येते ते वेगळंच. "सलग आठदा कोण हरतं?" म्हणे. अरे, साधारण २०७ वेळा सुरुवात केलीस की एकदा!

आकडे ऐकले की साहेब मोबाईल काढतात. हजारो डाव आपोआप खेळवून दाखवणारी एक्सेल शीट कोणाकडे आहे का?