वारसा-नोंद, अभियांत्रिकी आणि विद्यार्थ्यांचे आरोग्य : एकाच संशोधन प्रकल्पात असावे का?

धागाकर्ती
जुन्या वास्तूंच्या नोंदीला अभियांत्रिकीची जोड देण्यावर आता कोणी हरकत घेत नाही. मात्र त्याच प्रकल्पात विद्यार्थ्यांच्या आरोग्याचा अभ्यास घेतला, की विषयांतराचा आक्षेप येतो. मला तो मान्य नाही. कलेतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचे पन्नासहून अधिक ठिकाणांवरून लेझर स्कॅनिंग केले होते आणि त्यातून वास्तूच्या पृष्ठभागावरचे एक अब्जाहून अधिक बिंदू, म्हणजे त्यांची अचूक स्थाने, नोंदवले गेले होते. १५ एप्रिल २०१९ रोजी छप्पर जळाले, तेव्हा ती नोंद अभियंत्यांच्या कामाची ठरली. त्याच आगीत छपराचे शेकडो टन शिसे ज्वाळांच्या तडाख्यात सापडले, त्याची धूळ परिसरात पसरली आणि जुलैमध्ये दोन शाळांच्या आवारात शिसे आढळल्यामुळे तिथली मुलांची सुट्टीतली केंद्रे बंद करावी लागली. पोटात गेलेले शिसे मुलांचे शरीर प्रौढांपेक्षा चार ते पाच पट अधिक शोषून घेऊ शकते. छपराचे क्षेत्रफळ, पत्र्याची जाडी आणि मुलांच्या रक्तातले शिसे या तिन्ही गोष्टी एकाच घटनेच्या आहेत. मग त्यांचा अभ्यास तीन वेगवेगळ्या इमारतींत बसून का करायचा?

संरचना-अभियंता
उदाहरण चपखल आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही. नोत्र दामच्या संशोधनातही लाकूड, दगड, धातू, काच, ध्वनी असे विषयवार गटच करावे लागले. माझा मुद्दा मोजमापातल्या चुकीचा आहे. स्कॅनमधली चूक आम्ही नियंत्रण-बिंदूंशी, म्हणजे आधीच अचूक मोजून ठेवलेल्या खुणांशी, ताडून मिलिमीटरमध्ये सांगू शकतो. आरोग्याच्या प्रश्नावलीतली चूक तशी हाती लागत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांमध्ये नैराश्य आणि चिंता सर्वसामान्य लोकांच्या सहा पटींहून अधिक आढळतात, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो. त्यात २६ देशांतले २,२७९ जण होते; परंतु त्यांना समाजमाध्यमे आणि ईमेलवरून आवाहन केले होते, त्यामुळे ज्यांना त्रास आहे त्यांनीच अधिक संख्येने उत्तरे दिली असण्याची शक्यता उरते. अभियांत्रिकीचा विद्यार्थी हा आकडा प्रबंधात जसाच्या तसा उतरवेल आणि परीक्षकालाही त्यातली खोच कळणार नाही.

आरोग्य-अभ्यासक
ही शंका रास्त आहे, पण ती आरोग्य-संशोधकांनाही ठाऊक आहे. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या ३,६५९ पीएचडी विद्यार्थ्यांचा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. त्यात त्यांची तुलना इतर उच्चशिक्षित गटांशी केली होती आणि तरीही सुमारे एक तृतीयांश विद्यार्थी मानसिक विकाराच्या जोखमीत असल्याचे दिसले. परीक्षकाला खोच कळत नसेल, तर आमच्यातला एक परीक्षक घ्या. विषयच वगळणे हा त्यावरचा उपाय नव्हे. शिवाय वारसा-नोंदीत प्रत्यक्ष राबतात ते विद्यार्थीच. बंद तळघरात वटवाघळांच्या विष्ठेचा थर असेल, तर त्यात हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी असू शकते. स्कॅनरचा तिपाई रोवताना तो थर ढवळला जातो आणि बुरशीचे बीजाणू श्वासावाटे थेट फुप्फुसांत जातात. वास्तूची भेग टिपायची आणि ती टिपणाऱ्याचा खोकला नोंदीबाहेर ठेवायचा, हे मला अपुरे संशोधन वाटते.

अभिलेखपाल
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेचे सोळावे कलम सांगते, की वास्तूवरील कामाची नोंद सार्वजनिक संस्थेच्या अभिलेखागारात ठेवावी आणि संशोधकांना खुली असावी. आरोग्याच्या नोंदीचा धर्म नेमका उलटा: ती गोपनीय राहावी आणि काम संपल्यावर शक्य तर नष्ट व्हावी. पाच-सहा जणांच्या चमूत नाव खोडून काहीही लपत नाही. 'घुमटाच्या मचाणावर काम करणारी विद्यार्थिनी' एवढे लिहिले, की सगळ्यांना ती कळते. त्यातून संमती मागणारा मार्गदर्शकच तिच्या प्रबंधावर सही करणारा असेल, तर ती नाही कशी म्हणणार?

धागाकर्ती
म्हणूनच माणूस आणि जागा यांची मोजमापे वेगळी ठेवावीत, असे मला वाटते. हवेतली धूळ, शिशाचे प्रमाण, तापमान, कामाच्या पाळ्या या जागेच्या नोंदी आहेत. त्या बिंदूंच्या नोंदींसोबत खुल्या ठेवता येतील. व्यक्तीची माहिती मार्गदर्शकाच्या हाताखाली नसलेल्या चमूने घ्यावी, स्वतंत्र नैतिक समितीच्या देखरेखीखाली ठेवावी आणि ती मार्गदर्शकाला कधीही दाखवू नये.

संरचना-अभियंता
मग त्याला कामाच्या जागेची सुरक्षितता म्हणावे आणि क्षेत्रकार्याच्या नियमांत व अंदाजपत्रकात घालावे. त्यासाठी प्रबंधाचे प्रकरण कशाला हवे?

आरोग्य-अभ्यासक
कारण तो नियम लिहायला आधार लागतो. त्या तळघरात मुखपट्टी कोणत्या दर्जाची हवी आणि सलग किती वेळ थांबता येईल, हे तिथली धूळ मोजल्याशिवाय ठरत नाही. ती मोजायला आज तिथे स्कॅनर घेऊन उतरणाऱ्या विद्यार्थ्याखेरीज दुसरे कोणीही जात नाही.