फ्लॉपी आधी अख्ख्या उतरवून घ्या, निवड मागाहून

गिरगावची लेक

आमच्या चाळीचा पुनर्विकास ठरलाय, गणपतीनंतर खोल्या रिकाम्या करायच्यात. बाबांचा डीटीपीचा, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवून छपाईसाठी पानं लावायचा धंदा होता, १९८९ ते २००१. माळ्यावरून तीन खोकी निघाली. मोजल्या तर ३४० फ्लॉपी, म्हणजे संगणकाच्या जुन्या चुंबकीय चकत्या, काही सव्वापाच इंची, बाकी साडेतीन इंची. लेबलांवर बाबांचं अक्षर: 'दिवाळी ९४ कविता', 'पतपेढी अहवाल', 'मंगलाष्टका', 'जुनी, पण पुसू नये'.

भाऊ म्हणतो, यूएसबीला लागणारा फ्लॉपी ड्राइव्ह आणू, उघडतील त्या फाइली कॉपी करू आणि बाकीचं भंगारात देऊ. मला ते अजिबात पटत नाही. माझं मत असं की प्रत्येक फ्लॉपीची पूर्ण इमेज, म्हणजे अख्ख्या चकतीची हुबेहूब नक्कल घ्यावी, ती उघडो न उघडो. कॉपी केली की फक्त दिसणाऱ्या फाइली येतात. पुसलेल्या फाइलीचा मजकूर मात्र त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत चकतीवरच असतो. कवीने तिसऱ्या प्रुफात बदललेल्या ओळी आणि त्यांचा पहिला खर्डाही तिथे असू शकतो. छापलेला अंक एखाद्या ग्रंथालयात मिळेल. तो खर्डा दुसरीकडे कुठे मिळणार?

वेळही फार लागत नाही. फ्लॉपी सहसा मिनिटाला ३०० फेरे घेते. ८० ट्रॅक (मजकूर साठवायची वर्तुळं), दोन बाजू, प्रत्येक ट्रॅकचे तीन फेरे वाचले तरी दोन मिनिटांत एक होते. म्हणजे सगळ्या मिळून बारा तासही नाहीत. तुम्हाला काय वाटतं?

ग्रंथपाल, निवृत्त

ताई, तुमची तळमळ कळते, तरी माझा विरोध आहे.

या फ्लॉपींवरचं सगळं तुमच्या बाबांचं नाही. डीटीपीवाल्याकडे लोक मृत्युपत्राचा मसुदा टाइप करायला देत, घटस्फोटाचे कागद देत, मुलीची पत्रिका देत. काम झालं की ते पुसलं जाईल असंच त्यांनी धरलं होतं. पुसलेलं परत वर काढणं तुम्ही कवितेच्या बाबतीत मोलाचं म्हणता. मृत्युपत्राच्या बाबतीत तो विश्वासघात ठरेल.

कायद्याचंही बघा. २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ग्रंथालयांना जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायची मुभा मिळाली, पण ती ग्रंथालयाकडे आधीपासून बिगर-डिजिटल प्रत असलेल्या साहित्याची, आणि तीही ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला. तुमच्या घरातल्या फ्लॉपी त्यात बसत नाहीत. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क त्याच्या वारसांचा. खर्डा सापडला तरी तो लोकांपुढे ठेवायचा की नाही हे तुम्ही ठरवू शकत नाही.

आयुष्यभर मी ग्रंथालयात काम केलं. सगळंच ठेवायचं म्हटलं की शेवटी काहीच नीट राखलं जात नाही. आधी निवडा.

लॅमिंग्टन रोडवाला

मी १९९१ पासून पीसी दुरुस्ती केली. ग्रंथपाल बाईंचा मुद्दा वजनदार आहे, पण 'आधी निवडा' हे चकतीला मान्य नाही. निवडायला फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालावी लागते, आणि मुंबईच्या माळ्यावर वीसहून जास्त पावसाळे काढलेली फ्लॉपी कदाचित एकदाच नीट वाचता येते. ती एक संधी डिरेक्टरी, म्हणजे फाइलींची यादी बघण्यात का घालवायची?

ताई, तुमचे बारा तास विसरा. खरा वेळ साफसफाईला जातो. साडेतीन इंचीचं पत्र्याचं झाकण सरकवून टॉर्चखाली बघा. पांढरट ठिपके किंवा वर्तुळं दिसली तर ती बुरशी आहे. तशीच ड्राइव्हला लावली तर बुरशी हेडला (ड्राइव्हच्या वाचणाऱ्या टोकाला) चिकटते, हेड चकती खरवडतं आणि पुढच्या दहा फ्लॉपींवरही चरे पाडतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणारं कापड घ्या, आधी कडेला थोडं लावून पाहा. कापडावर तपकिरी रंग उतरला तर थांबा, चुंबकीय थरच सुटतोय. प्रत्येक संशयित फ्लॉपीनंतर हेड पुसा.

त्याआधी सगळ्यांना राइट-प्रोटेक्ट करा, म्हणजे त्यांवर काही लिहिलं जाणार नाही. साडेतीनची खिडकी उघडी ठेवायची, सव्वापाचच्या खाचेवर पट्टी चिकटवायची. हे गरजेचं आहे, कारण विंडोज ९५ नुसती फ्लॉपी उघडली तरी तिच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे चकतीच्या अगदी सुरुवातीच्या भागात, स्वतःची खूण लिहायचं.

भावाला सांगा, यूएसबी ड्राइव्हला सव्वापाच इंची चालतच नाही, आणि साडेतीन इंचीचेही फक्त शाबूत सेक्टर (ट्रॅकचे तुकडे) मिळतात. ग्रीसवीझलसारखं सर्किट ३४ पिनांच्या केबलने जुन्या ड्राइव्हला जोडलं की ते चुंबकीय बदलांमधलं अंतर जसंच्या तसं नोंदवतं. अर्थ नंतर सॉफ्टवेअर लावतं. पहिल्या फेऱ्यात बिघडलेला सेक्टर तिसऱ्या फेऱ्यात नीट येऊ शकतो, आणि तो शोधायला चकतीला पुन्हा हात लावावा लागत नाही.

आणखी एक. १९९०च्या सुमारास भारतात 'जोशी' व्हायरस पसरला होता. ५ जानेवारीला मशीन अडून बसायचं आणि 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप केल्याशिवाय हलायचं नाही. तो बूट सेक्टरमध्ये राहायचा. फाइली कॉपी केल्या तर तो मागे राहतो, इमेजमध्ये येतो. आपल्याकडच्या संगणकांचा हा इतिहासही जपायला नको का?

जुना कंपोझर

दोघांनाही एक विचारतो. इमेज घेतली, मग वाचणार कशात?

ते युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे एकसारख्या चालणाऱ्या अक्षर-संकेतांच्या आधीचे फाँट आहेत. फाइलीत अक्षर नसतं, अक्षराचा तुकडा असतो. 'किती'ची पहिली वेलांटी 'क'च्या आधी साठवलेली, 'धर्म'चा रफार 'म'च्या नंतर. श्रीलिपी या पॅकेजातला मजकूर आकृती या दुसऱ्या पॅकेजाच्या फाँटमध्ये लावला की गिचमिड दिसते. कुठल्या संकेताला कुठला तुकडा, याचं प्रत्येक फाँटचं कोष्टक वेगळं. आणि भारतीय भाषांच्या कित्येक पॅकेजांना सुरू व्हायला प्रिंटर पोर्टला लावायचं लॉक लागायचं. ते हरवलं असेल तर पॅकेजची फ्लॉपी शाबूत असून काय उपयोग?

मी चौदा वर्षं कंपोझ केलं, आता जुने मजकूर युनिकोडमध्ये आणतो. माझं स्पष्ट मत: ३४० इमेज साठवण्यात जो पैसा आणि जीव घालाल, तो चाळीस दिवाळी फ्लॉपी निवडून त्यांचा मजकूर वाचनीय करण्यात घाला. कुणाला वाचताच येत नाही त्याला जतन म्हणू नका.

गिरगावची लेक

कंपोझरकाका, कोष्टक पाच वर्षांनीही करता येईल. बुरशी तोवर थांबणार नाही. शिवाय फाँटच्या फाइली याच खोक्यांत आहेत, बाबांनी त्यांवर लाल टिकल्या लावल्यात. तुमचं कोष्टक बनवायलाही त्याच लागतील, आणि त्या नेमक्या सव्वापाच इंची आहेत. मजकूर वाचनीय करायचं काम तुम्ही शिकवलंत तर मी करेन, पण इमेज घेतल्यावर.

बाईंचं मात्र मनाला लागलं. काल लेबलं पुन्हा वाचली. 'वकील' लिहिलेल्या २३ निघाल्या, पत्रिकांच्या ११. या मी उतरवणार नाही, न उघडता कातरणार. 'सगळ्या' हा माझा शब्द मागे घेते. पण ५८ फ्लॉपींना लेबलच नाही. त्यात वकिलाचं असेल म्हणून खर्डाही गमवायचा, हे मला जमणार नाही.

रोडवाले काका, सव्वापाच इंची ड्राइव्ह अजून कुठे मिळेल? सोनीने २०११मध्ये फ्लॉपी बनवणंही थांबवलं, ड्राइव्हची आशा कितपत धरू?

लॅमिंग्टन रोडवाला

नवा नाही मिळणार. माझ्याकडे १.२ एमबीचा एक आहे. तो मिनिटाला ३६० फेऱ्यांनी फिरतो, सॉफ्टवेअरला सांगितलं की कमी क्षमतेच्या, ३६० केबीच्या फ्लॉपीही वाचतो. तुमच्या खोल्या रिकाम्या होईपर्यंत घेऊन जा.

ग्रंथपाल, निवृत्त

त्या ५८ बद्दल मी अजूनही सहमत नाही. घेणारच असाल तर निदान इमेज घेताना आत डोकावू नका. फाइलींची नावं एकट्याने वाचू नका, भावाला शेजारी बसवा. ग्राहकाचं काही दिसलं की तिथल्या तिथे इमेज पुसायची आणि फ्लॉपी कातरायची, हे आधी कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. त्या दिवशी बोलावलंत तर मीही येईन.