लेपर्ड गेको: थर्मोस्टॅट ३२ दाखवतोय, पण खाली मॅट फार तापतेय

निशाचर

नमस्कार मंडळी, लेपर्ड गेकोच्या (पाळीव पालीच्या) टाकीतल्या उष्णतेबद्दल सल्ला हवा आहे. जरा सविस्तरच लिहिते, म्हणजे तुम्हाला उलट प्रश्न विचारावे लागणार नाहीत.

पूर्ण वाढलेली मादी आहे. तब्येत चांगली, शेपूट जाडजूड. काचेची टाकी ९० × ४५ × ४५ सेंमी. एका बाजूला तळाच्या काचेखाली बाहेरून हीट मॅट लावली आहे, ती साधारण एक तृतीयांश तळ व्यापते. मॅट साध्या ऑन-ऑफ थर्मोस्टॅटवर आहे आणि प्रोब (त्याच्या वायरच्या टोकाचा तापमान मोजणारा सेन्सर) ऊबदार बाजूच्या गुहेत. थर्मोस्टॅट ३२ अंशांवर लावलेला आहे.

आधी तळाला फरशी होती, तेव्हा सगळं सुरळीत चालू होतं. अलीकडेच फरशी काढून माती-वाळूचं मिश्रण घातलं, साधारण ५ सेंमी जाड, तिला उकरता यावं म्हणून. ते तिला फार आवडलं. पहिल्याच रात्री गुहेत चांगला खोल खड्डा केला. पण तेव्हापासून ती त्या गुहेत टिकत नाही. जाते, थोड्याच वेळात बाहेर येते आणि थंड बाजूला जाऊन पडते. खाणंही मंदावलंय. किडा समोर हलला की मान वळवून बघते, पण झेप घेत नाही.

डिस्प्लेवर मात्र कायम ३१.५ ते ३२.५. टाकीखाली हात घातला की मॅट पूर्वीपेक्षा बरीच गरम लागते, आणि थर्मोस्टॅटचा लाल दिवा जवळजवळ सतत लागलेला असतो. थर्मोस्टॅट बिघडलाय का? डिमरवाला भारीतला घ्यावा का? जाणकारांनी कृपया सांगा.

सरपट

प्रोब नेमका कुठे टेकलाय, मातीवर की मातीखाली काचेवर? इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर तिने केलेल्या खड्ड्याच्या तळाशी मोजा. आत्ताच मोजा, ती थंड बाजूला असेपर्यंत.

निशाचर

प्रोब मातीवर आहे. मातीच्या पृष्ठभागावर ३२ येतंय, म्हणजे डिस्प्लेशी जुळतंय. खड्ड्याच्या तळाशी काचेवर ४४! पुन्हा मोजलं, तेवढंच. मॅटचा प्लग काढून ठेवलाय.

शीतरक्त

प्लग काढलात हे फार बरं केलंत. आता पहिलं काम म्हणजे तिचं पोट बघा. काचेच्या भांड्यात ठेवून खालून बघितलं तर हाताळावंही लागत नाही. कातडी लालसर किंवा तपकिरी झाली असेल, फोड असतील, खवले सुटल्यासारखे दिसत असतील, तर घरगुती मलम लावत बसू नका, सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. या प्राण्यांना भाजलेलं आपल्याइतकं चटकन कळत नाही, म्हणून ते गरम जागेवर नको इतका वेळ बसून राहतात. तुमची उठून जाते आहे, हे चांगलं लक्षण आहे.

थर्मोस्टॅट बिघडलेला नाही. त्याला त्या प्रोबच्या टोकापुरतंच कळतं. टोकाशी ३२ झाले की बंद, खाली आले की चालू. तुम्ही टोक मातीवर ठेवलंय आणि मॅट मातीखाली. मधली ५ सेंमी कोरडी माती उष्णता अडवते. वर ३२ गाठायचे तर खाली काच चाळिशीच्या पुढे न्यावी लागते, आणि थर्मोस्टॅट नेमकं तेच करत होता. लाल दिवा सतत लागलेला दिसत होता तो त्यामुळेच. महागडा डिमर घेऊन प्रोब तिथेच ठेवला असता तरी काच तितकीच तापली असती.

फरशी होती तेव्हा मॅट, काच, फरशी हे सगळं एकाला एक चिकटून होतं, त्यामुळे वरचं आणि खालचं तापमान फार वेगळं नव्हतं. म्हणून तेव्हा तीच मांडणी चालून गेली.

माझा नियम असा की प्राणी उकरून, सरकवून, अंग घुसवून जिथवर पोचू शकतो त्यातली सगळ्यात गरम जागा शोधायची आणि प्रोब तिथे ठेवायचा. मॅट असेल तर ती जागा म्हणजे मॅटच्या बरोबर वरची उघडी काच. तिथे ३२-३३ च्या वर जाता कामा नये. पण मग वर ५ सेंमी माती असेल तर मातीचा पृष्ठभाग जेमतेम कोमट राहणार. म्हणजे खोल माती आणि खालून मॅट ही जोडी जमत नाही. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. मॅट ठेवायची असेल तर तिच्या वरच्या भागात पुन्हा फरशी बसवा आणि माती थंड बाजूला आणि मध्ये ठेवा, तिथे तिला हवं तेवढं उकरू दे. किंवा सगळीकडे खोल माती हवी असेल तर मॅट काढा आणि उष्णता वरून द्या.

मला स्वतःला वरून दिलेली उष्णता जास्त पटते. हॅलोजनची ऊब दगडावर पडते, दगड तापतो, दिवा गेल्यावरही तो बराच वेळ ऊब धरून ठेवतो, आणि निशाचर गेकोसुद्धा संध्याकाळी अशा दगडावर पोट टेकून बसतात. माझा नर तर चारही पाय पसरून सपाट होतो. पण आज रात्रीपुरतं फरशीवर या, ते लगेच होण्यासारखं आहे.

निशाचर

खूप धन्यवाद. पोट बघितलं, नेहमीसारखं फिकट आहे, डाग किंवा फोड नाहीत. ऊबदार बाजूची माती काढून फरशी बसवली. प्रोब फरशीखाली काचेवर ठेवू की फरशीवर गुहेत? आणि तो बसवायचा कशाने? सोबत आलेला रबरी चोखकप सारखा सुटतो, म्हणून सध्या चिकटपट्टी लावलीय.

शीतरक्त

चिकटपट्टी आधी काढा, बाकीचं नंतर. टाकीच्या आत कुठेही चिकटपट्टी नको. गेकोची कातडी नाजूक असते, आणि साप तर पट्टीला चिकटून स्वतःला गुंडाळून घेतात आणि खवले सोलवटून घेतात. कधी कोणाचा प्राणी चिकटलाच तर ओढू नका. खाण्याचं तेल लावून हळूहळू सोडवा.

चोखकपावर माझाही विश्वास नाही. ऊब आणि दमटपणाने तो सैल होतो, प्रोब घरंगळून थंड बाजूला पडतो, किंवा पाण्याच्या भांड्यात जातो. मग थर्मोस्टॅटला वाटतं टाकी गार आहे आणि तो हीटर चालूच ठेवतो. टाक्या जास्त तापतात त्यामागे हे कारण मी वारंवार बघितलंय. वायर धरणारी छोटी क्लिप मत्स्यटाकीच्या सिलिकोनने काचेला डकवा आणि प्रोब त्यात अडकवा. सिलिकोनचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत, किमान एक दिवस-रात्र, तिला त्या टाकीत ठेवू नका.

जागेबद्दल: प्रोब बाहेरून, मॅट आणि काचेच्या मध्ये ठेवला तर ती तो हलवू शकत नाही आणि त्यावर शी-शूही होत नाही. मला ते आवडतं. मात्र तिथलं तापमान आतल्या फरशीपेक्षा थोडं जास्त असतं. त्यामुळे थर्मोस्टॅटचा आकडा ३२ न ठेवता असा ठेवावा लागतो की आत फरशीवर ३२ मिळतील. कधी ३४ लागतात, कधी ३६. आकडा बदलला की तासभर थांबा, मोजा, मग पुढचा बदल करा. फरशी तापायला वेळ घेते, घाईघाईत दर दहा मिनिटांनी आकडा फिरवला की हाती काहीच लागत नाही. आणि फरशीखाली तिने अंग घुसवायला फट राहिली नाही ना, तेही पाहा.

इन्फ्रारेड थर्मामीटर काचेतून आतलं मोजत नाही, काचेचंच तापमान सांगतो. झाकण उघडून, जवळून मोजा. चकचकीत पृष्ठभागावर आकडा चुकीचा येतो, तिथे चमक नसलेल्या कागदाच्या तुकड्यावर मोजा.

सरपट

शीतरक्त यांच्याशी पूर्ण सहमत. थर्मोस्टॅटच्या प्रकारांबद्दल थोडी भर घालतो, कारण पुढे वरून उष्णता द्यायची म्हटली की हा प्रश्न येणारच.

मॅटला ऑन-ऑफ पुरतो. हॅलोजन किंवा साधा बल्ब ऑन-ऑफवर लावला तर तो दिवसभर लागतो-विझतो, प्राण्याला त्रास होतो आणि फिलामेंट लवकर जाते. त्याला डिमिंग थर्मोस्टॅट हवा, तो उजेड आणि उष्णता हळूहळू कमी-जास्त करतो. सिरॅमिक हीटरला (उजेड न देता फक्त ऊब देणारा) पल्सवाला, म्हणजे थोड्या-थोड्या झटक्यांत वीज देणारा, उत्तम, आणि त्याला होल्डर चिनी मातीचाच, प्लास्टिकचा वितळतो. यूव्हीबीचा (अतिनील किरणांचा) दिवा कधीही थर्मोस्टॅटवर लावायचा नाही, त्याला वेगळा टायमर. आतमध्ये दिवा किंवा सिरॅमिक असेल तर भोवती जाळी हवीच. गेको त्यावर चढून बसतो, साप तर वेटोळं घालतो.

माझी खरी काळजी रिलेची, म्हणजे थर्मोस्टॅटमधल्या वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचची, असते. रिलेचे संपर्क कधीतरी चिकटतात, आणि ते चिकटले की डिस्प्ले ४० दाखवत असतानाही हीटर चालूच राहतो. म्हणून मी हीटर मुळात गरजेपुरत्याच वॅटचा घेतो. प्राणी बाहेर काढून, थर्मोस्टॅट न लावता, हीटर थेट प्लगला लावायचा आणि समोर बसून दोन-तीन तास तापमान कुठवर जातं ते बघायचं. पन्नाशीकडे पळत असेल तर तो हीटर त्या टाकीला मोठा आहे. शिवाय मुख्य थर्मोस्टॅटच्या आधी दुसरा साधा थर्मोस्टॅट, स्वतःच्या वेगळ्या प्रोबसह, ३-४ अंश वर लावून ठेवतो. पहिला अडकला तर दुसरा वीज तोडतो.

शीतरक्त

दुसऱ्या थर्मोस्टॅटला माझाही दुजोरा.

अजून एक, महिन्यातून एकदा करण्यासारखं. प्रोब मुठीत धरा: आकडा चढला पाहिजे आणि ठरवलेल्या अंशावर हीटर बंद झाला पाहिजे. तुमची मूठ ३२ पर्यंत सहज नेते, ३६ ला नेईलच असं नाही, तेव्हा चाचणीपुरता आकडा खाली आणा. प्रोब जलरोधक असेल तर पेलाभर कोमट पाण्यात तो आणि तापाचा डिजिटल थर्मामीटर शेजारी-शेजारी धरा. पाणी ३७ च्या आसपास असलं की दोघांचे आकडे ताडून बघता येतात. एखाद्या अंशाचा फरक असेल तर तो लक्षात ठेवून थर्मोस्टॅट लावा. टाकीला चिकटवायचे गोल काट्याचे थर्मामीटर मात्र विसरा, ते भिंतीजवळची हवा मोजतात आणि तीही धड नाही.

निशाचर

आता प्रोब बाहेर मॅटला लागून, आकडा ३५. आत गुहेतल्या फरशीवर ३२, थंड बाजूला २५. आज संध्याकाळी ती गुहेत गेली आणि बराच वेळ पोट टेकून पडून राहिली! मन हलकं झालं. दोन गोष्टी विचारायच्या आहेत: खायला लगेच देऊ का? आणि खोलीच ३५ वर गेली तर थर्मोस्टॅट काय करणार?

शीतरक्त

वा, छान वाटलं वाचून!

खायला दोन दिवस थांबून द्या, थोडंच. ऊब सलग मिळाली तरच पोटातलं नीट पचतं. शेपूट जाड आहे, तेवढ्या साठ्यावर तिला काहीही होणार नाही. पाणी मात्र रोज ताजं.

खोली तापली तर थर्मोस्टॅट हीटर बंद करेल, त्यापलीकडे त्याच्या हातात काही नाही. टाकी गार करणं त्याचं काम नव्हे. अशा दिवसांत टाकी घरातल्या सगळ्यात गार खोलीत, जमिनीलगत हलवा, थेट ऊन येत नाही ना ते बघा, थंड बाजूच्या गुहेत ओलसर शेवाळ ठेवा. पाण्याच्या बाटल्या गोठवून, फडक्यात गुंडाळून झाकणाच्या जाळीवर थंड बाजूला ठेवल्या तर दोन-तीन अंश उतरतात. रात्री २०-२२ पर्यंत उतरलं तर धडधाकट प्राण्याला चालतं, त्यासाठी मॅट वाढवू नका. आणि थंड बाजूलाही एक कायमचा थर्मामीटर लावाच. तिला पळून जायला गार जागा उरली आहे की नाही, हे तोच सांगेल.